अज्ञात कारणाचा पक्षाघात आणि हृदयाची तपासणी

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णास रुग्णालयात दाखल केले म्हणजे हातपाय पुन्हा पूर्ववत चालतील काय, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. हे झाले कशामुळे, हा दुसरा प्रश्न त्या धावपळीत बहुधा मागे पडतो. वस्तुतः रुग्णाचे पुढील आयुष्य बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. एकदा पक्षाघात झालेल्या व्यक्तीस तो पुन्हा होण्याचा संभव इतरांहून पुष्कळच अधिक असतो, आणि तो टाळण्यासाठी कोणते औषध द्यावयाचे, हे पहिल्या झटक्याचे कारण कळल्याखेरीज नेमके ठरविता येत नाही.

पक्षाघात दोन प्रकारे होतो. मेंदूतील रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो, किंवा रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढील भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या, अधिक प्रमाणात आढळणाऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे. अशी गुठळी मानेतील किंवा मेंदूतील मोठ्या धमनीच्या रोगट भिंतीवर तयार होऊ शकते. मेंदूच्या अंतर्भागातील केसासारख्या बारीक धमन्या रक्तदाबामुळे जाड होऊन बंद पडू शकतात. किंवा गुठळी हृदयात तयार होऊन रक्ताबरोबर मेंदूत जाऊन पोहोचते. या तीनही ठिकाणी काही सापडले नाही, म्हणजे रुग्णाच्या कागदावर ‘कारण अनिश्चित’ असा शेरा पडतो.

असे रुग्ण अपवादात्मक नाहीत. हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. सुभाष कौल व त्यांचे सहकारी यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची पद्धतशीर नोंदवही ठेवली, आणि तीतील एका वर्षाच्या नोंदींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या सुमारे चारशे रुग्णांपैकी चतुर्थांशाहून अधिक रुग्णांच्या पक्षाघाताचे कारण निश्चित होऊ शकले नव्हते. हृदयातून आलेल्या गुठळीमुळे पक्षाघात झाल्याचे मात्र दहांपैकी सुमारे एकाच रुग्णाबाबत ठरले होते. या दोन आकड्यांतील अंतर विचार करावयास लावणारे आहे.

हैदराबादेतील ही माहिती महाराष्ट्रातील वाचकांनाही जवळची वाटावी. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता, आणि नांदेड, देगलूर, उदगीर या भागांतील रुग्ण आजही उपचारांसाठी हैदराबादेस जातात. शहरातील कोठी व सुलतान बाजार यांच्या लगतच्या जामबागेत विवेकवर्धिनीसारखी जुनी मराठी शिक्षणसंस्था आहे, आणि त्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. गावाकडून आलेला रुग्ण प्रथम अशाच एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरतो.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून जामबागेत राहणाऱ्या साठीच्या एका गृहिणीचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. तिला दहा-बारा वर्षांपासून रक्तदाबाचा विकार आहे. औषध कधी घेतले जाते, कधी राहते. एके सकाळी तिचा उजवा हात लुळा पडतो व बोलणे अडखळते. रुग्णालयात मेंदूचे छायाचित्र काढले जाते, त्यात रक्तस्राव दिसत नाही. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ रक्तपुरवठा बंद पडल्याची खूण दिसते. मानेतील धमन्या मोकळ्या आहेत. कार्डिओग्राम ‘नॉर्मल’ आहे. छातीवरून केलेल्या इकोच्या अहवालात हृदयाची आकुंचनशक्ती साठ टक्के, म्हणजे उत्तम, असे लिहिलेले आहे. आठवड्याने ती ॲस्पिरिनची गोळी घेऊन घरी येते आणि हृदय ठीक असल्याचे घरातील सर्वांस सांगितले जाते.

हा निष्कर्ष घाईचा ठरण्याचा संभव आहे. तो का, हे समजण्यासाठी हृदयाच्या रचनेकडे वळले पाहिजे.

डावी कर्णिका: दुर्लक्षित कप्पा

मुठीएवढ्या आकाराचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू यातील सुमारे पंधरा टक्के रक्त घेतो. हृदयाच्या डाव्या बाजूने निघालेली गुठळी मेंदूत जाण्याचा धोका इतका मोठा का, याचे एक उत्तर या हिशेबातच आहे.

हृदयाचे चार कप्पे असतात हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. काही पुस्तकांत त्यांनाच अलिंद व निलय अशी नावे आहेत. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या कर्णिकेत येते, तेथून द्विदली झडपेतून डाव्या जवनिकेत उतरते, आणि जवनिका ते महाधमनीत लोटते. जवनिकेचे काम जोराचे असल्याने सर्वांचे लक्ष तिच्याकडेच असते. अहवालातील ‘साठ टक्के’ हा आकडाही तिचाच. एका ठोक्यात जवनिकेतील किती रक्त बाहेर पडले, एवढेच तो सांगतो. कर्णिकेच्या प्रकृतीविषयी तो काहीही सांगत नाही.

पक्षाघाताच्या दृष्टीने मात्र डावी कर्णिका अत्यंत महत्त्वाची आहे. तिच्या एका कडेला अंगठ्याएवढी, आतून खाचखळग्यांची एक पिशवी असते. तिला कर्णिकेचे उपांग म्हणतात. हृदयाचा ठोका नियमित असतो तोपर्यंत हे उपांगही प्रत्येक ठोक्यासरशी रिकामे होते. कर्णिका दुबळी झाली की या पिशवीत रक्त साचून राहते. वाहते रक्त सहसा गोठत नाही, पण साचलेल्या रक्तास गोठण्याची प्रवृत्ती असते. झडपांचा विकार नसताना ज्यांच्या कर्णिकांची लय बिघडते, अशा रुग्णांच्या डाव्या कर्णिकेत तयार होणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के गुठळ्या या छोट्या पिशवीतच आढळतात. छातीवरून केलेल्या नेहमीच्या इकोत ती नीटशी दिसत नाही. तिच्यासाठी अन्ननलिकेतून नळी उतरवून इको करावा लागतो, कारण अन्ननलिका डाव्या कर्णिकेच्या अगदी पाठीशी असते.

कर्णिका दुबळी होण्याची क्रिया फार संथ असते आणि तिचा आरंभ बहुधा रक्तदाबात असतो. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे काम करून जवनिकेची भिंत जाड व ताठर होते. तिचे आकुंचन जोरदार राहते, पण सैल पडणे कठीण होते. सैल न पडणाऱ्या जवनिकेत रक्त उतरविण्यासाठी कर्णिकेस अधिक जोर लावावा लागतो. कर्णिकेची भिंत मुळात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. ती ताणली जाते, कप्पा मोठा होतो, स्नायूंच्या जागी तंतू वाढतात आणि उपांगातील रक्ताची ये-जा मंदावते. उदाहरणातील गृहिणीच्या हृदयात हेच घडले असणे शक्य आहे. अशा वेळी ‘आकुंचनशक्ती साठ टक्के’ हे वाक्य शब्दशः खरे असूनही अपुरे ठरते. अहवालात डाव्या कर्णिकेचे मापही लिहिलेले असते, तेही वाचले गेले पाहिजे.

लपून राहणारी लय

अशा ताणलेल्या कर्णिकेत विजेचे स्पंदन सुरळीत पसरत नाही. तिचे तंतू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी थरथरू लागतात. डॉक्टर यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मराठीत कर्णिकांचे स्फुरण म्हणता येईल. नाडी या काळात पूर्णपणे अनियमित चालते. काहींना छातीत धडधड जाणवते, अनेकांना काहीच जाणवत नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी नागरिकांच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून १९७८ मध्ये असे दाखविण्यात आले, की झडपांचा सांधेज्वरजन्य विकार नसतानाही या स्फुरणामुळे पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो. तसा विकार असल्यास तो सतरापटीहूनही अधिक होतो.

अडचण अशी, की आरंभीच्या काळात हे स्फुरण येते आणि जाते. आज चार तास राहील, नंतर महिनाभर त्याचा मागमूसही नसेल. नेहमीचा कार्डिओग्राम हृदयाची सुमारे दहा सेकंदांची नोंद घेतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यास त्या दहा सेकंदांत गाठणे जवळजवळ योगायोगाचेच म्हणावे लागेल. चोवीस तासांच्या होल्टर नोंदीने शक्यता वाढते, तरी ती पुरेशी होत नाही.

याविषयीचे दोन अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडात, कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या पंचावन्न वर्षांवरील रुग्णांच्या हृदयाच्या लयीची तीस दिवस नोंद ठेवली, तेव्हा शंभरांतील सोळा रुग्णांत स्फुरण आढळले. ज्यांची पुन्हा चोवीस तासच नोंद घेतली, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तीन होते. दुसऱ्या अभ्यासात छातीच्या त्वचेखाली एक छोटे नोंदयंत्र बसविण्यात आले होते. सहा महिन्यांत सुमारे नऊ टक्के, तर तीन वर्षांत तीस टक्के रुग्णांत स्फुरण सापडले. नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात तीन वर्षांनंतरही ते फक्त तीन टक्क्यांत आढळले. ‘कार्डिओग्राम नॉर्मल’ या शेऱ्याचा अर्थ कितपत घ्यावयाचा, हे यावरून स्पष्ट व्हावे.

स्फुरण निश्चित झाले की उपचार बदलतो. ॲस्पिरिन रक्तातील बिंबिकांवर काम करते, आणि धमनीच्या रोगट भिंतीवरील गुठळीसाठी ते उपयुक्त आहे. कर्णिकेत साचलेल्या रक्ताची गुठळी वेगळ्या रीतीने बनते. तिच्यासाठी, सामान्यतः ‘रक्त पातळ करणारी’ म्हणून ओळखली जाणारी गोठणविरोधी औषधे लागतात. त्यांनी पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो. रक्तस्रावाचा धोका त्यांबरोबर येतोच, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

त्वचेखालील यंत्र खर्चिक आहे आणि प्रत्येक रुग्णास ते मिळेल असे नाही. परंतु बोटांनी नाडी पाहण्यास काही खर्च येत नाही. जेथे यंत्र नाही तेथे पुनःपुन्हा नाडी पाहणे आणि ती अनियमित लागताच कार्डिओग्राम काढणे, हा मार्ग ग्रामीण आरोग्य केंद्रासही मोकळा आहे.

आपल्याकडील झडपांचा विकार

पाश्चात्त्य ग्रंथांत ज्यास आता थोडी जागा मिळते, पण आपल्याकडे ज्याचा विसर पडता कामा नये, असा एक विकार म्हणजे सांधेज्वरानंतर होणारा झडपांचा आजार. लहानपणी घशाला झालेल्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर काही मुलांना ताप येऊन सांधे सुजतात. सांधे बरे होतात, द्विदली झडप मात्र हळूहळू जाड होऊन आखडते. निरोगी प्रौढाच्या या झडपेचे द्वार चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीड चौरस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून अरुंद झाले की विकार तीव्र समजला जातो. रक्त पुढे जात नाही, डावी कर्णिका फुगते आणि गुठळीस अनुकूल परिस्थिती निर्माण होते. पक्षाघात हीच काही तरुण रुग्णांत या विकाराची पहिली जाणीव असते. तरुण माणसास पक्षाघात झाला असता लहानपणी सांधे सुजून ताप आला होता काय, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून विचारावे.

येथे औषधाच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. गोठणविरोधी नवी औषधे घेण्यास सोपी आहेत, त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. परंतु सांधेज्वरजन्य विकार व कर्णिकांचे स्फुरण असलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या वर्गातील, म्हणजे वॉरफरिनसारख्या औषधांचा गट नव्या औषधाच्या गटाहून सरस ठरला; त्या गटात मृत्यू कमी झाले. जुने औषध घेणाऱ्यास रक्ताची आयएनआर ही तपासणी ठराविक मुदतीने करून घ्यावी लागते. एखाद्या शेजाऱ्यास नवी गोळी मिळाली म्हणून आपल्या रुग्णाचीही गोळी बदलून मागणे अशा विकारात धोक्याचे ठरेल.

छिद्र सापडले, पण दोषी तेच काय?

गर्भावस्थेत बाळाची फुप्फुसे काम करीत नसल्याने उजव्या कर्णिकेतील रक्त डावीकडे जाण्यास पडद्यात एक अंडाकार वाट असते. जन्मानंतर ती बंद होते. सुमारे चौघांपैकी एकात ती पुरती जुळून येत नाही. पायाच्या नीलेतील एखादी गुठळी या वाटेने उजवीकडून डावीकडे निसटून मेंदूत जाऊ शकते, ही कल्पना जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कोनहाइम यांनी १८७७ मध्येच मांडली होती. आज नीलेतून ढवळलेले सलाइन देऊन त्याचे बुडबुडे डाव्या बाजूस दिसतात काय, हे इकोवर पाहता येते.

पण चौघांतील एकाच्या हृदयात जे असते, ते पक्षाघाताच्या रुग्णात सापडले म्हणून लगेच अपराधी ठरत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन अभ्यासांवरून असे दिसले, की साठीच्या आतील, काळजीपूर्वक निवडलेल्या व दुसरे कोणतेही कारण न सापडलेल्या रुग्णांत हे छिद्र यंत्राने बंद केल्यास पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण घटते. साठीपुढील, रक्तदाब व मधुमेह असलेल्या रुग्णात छिद्र सापडले, तर ते बहुधा योगायोगाने असते.

हृदयावर दोष ठेवावा की न ठेवावा, या प्रश्नाने हैदराबाद शहरास पूर्वी एकदा जगप्रसिद्ध केले होते. क्लोरोफॉर्मने होणारे मृत्यू हृदय थांबून होतात की श्वास थांबून, याचा निर्णय करण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने येथे १८८८ व १८८९ मध्ये दोन समित्या बसल्या. दुसरीचा खर्च निझाम सरकारने उचलला, आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना इंग्लंडहून पाठविले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि श्वास आधी थांबतो, हृदय निर्दोष आहे, असा निष्कर्ष निघाला. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले, की हलक्या गुंगीच्या अवस्थेत जवनिकांचे स्फुरण होऊन हृदय अचानक बंद पडू शकते. प्रयोगांची संख्या मोठी असूनही नेमक्या क्षणी हृदयाकडे पाहिले गेले नव्हते.

उलट दिशेची चूकही तितकीच शक्य आहे. कारण न सापडलेले पक्षाघात बहुधा हृदयातूनच येत असतील, तेव्हा अशा सर्वच रुग्णांना गोठणविरोधी औषध द्यावे, असा विचार २०१४ नंतर पुढे आला. त्याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर झाली. सात हजारांहून अधिक रुग्णांचा पहिला अभ्यास २०१८ मध्ये, तर पाच हजारांहून अधिक रुग्णांचा दुसरा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिनहून नवे औषध सरस ठरले नाही. पहिल्या अभ्यासात रक्तस्राव मात्र वाढला. पुढे ज्यांच्या डाव्या कर्णिकेत बिघाडाच्या खुणा आहेत, पण स्फुरण आढळलेले नाही, अशांनाच निवडून पाहिले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या अभ्यासातही दोन्ही गटांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण सारखेच राहिले. म्हणजे मोठी झालेली कर्णिका हे अधिक काळ शोध घेण्याचे कारण आहे. केवळ तेवढ्यावर औषध बदलण्यास आजचा पुरावा आधार देत नाही.

हैदराबादच्या नोंदवहीतील आणखी एक गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. तेथील रुग्णांत कवटीच्या आतील मोठ्या धमन्या अरुंद झाल्याचे पुष्कळदा आढळले. मानेतील धमन्यांची तपासणी झाली आणि मेंदूतील धमन्या पाहावयाच्या राहिल्या, तर खरे कारण नजरेआड राहून संशय विनाकारण हृदयावर जाईल.

‘कारण अनिश्चित’ या शेऱ्याचे प्रत्यक्षात तीन अर्थ होतात. सर्व तपासण्या होऊनही काही सापडले नाही. एकाच वेळी दोन कारणे सापडली व त्यांतील कोणते खरे हे ठरेना. किंवा तपासण्या पूर्ण झाल्याच नाहीत. तिन्ही प्रकारच्या रुग्णांच्या कागदांवर एकच शब्द लिहिला जातो. नातेवाइकांनी घरी निघताना डॉक्टरांना विचारावयाचे ते हेच, की आपल्या रुग्णाच्या बाबतीत यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा. मेंदूतील धमन्या पाहिल्या काय. डाव्या कर्णिकेचे माप किती आले. आणि हृदयाच्या लयीची नोंद एकूण किती तास झाली. मेंदूच्या छायाचित्रात वेगवेगळ्या धमन्यांच्या प्रदेशांत एकाच वेळी खुणा असतील, तर हृदयाविषयीचा संशय बळावतो, तेव्हा ती छायाचित्रे जपून ठेवावीत व पुढच्या प्रत्येक भेटीत बरोबर न्यावीत.

नव्याने तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर १०८ क्रमांकावरील रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.

घरी परतलेल्या रुग्णाची नाडी आरोग्यसेविकेने प्रत्येक भेटीत पूर्ण एक मिनिट पाहावी. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण वेगापेक्षा अनियमितता शोधावयाची असते. ठोके विस्कळीत लागले तर रुग्णास दुसऱ्या दिवशी येण्यास न सांगता त्याच वेळी जवळच्या केंद्रावर नेऊन कार्डिओग्राम काढून घ्यावा. रात्रीतून लय पूर्ववत झाली, तर सकाळच्या कागदावर पुन्हा ‘नॉर्मल’ असेच उमटेल.